पोलाद ओतताना पातळी का डोलते?

एप्रिल २०२४ मध्ये मुंबईच्या किनारी रस्त्याला वांद्रे-वरळी सागरी सेतूशी जोडणारी पहिली कमानदार तुळई समुद्रात बसली. लांबी १३६ मीटर, वजन सुमारे २००० टन. बातम्यांमध्ये बार्जचं वर्णन आलं, भरती-ओहोटीचं गणित आलं, पहाटेच्या अंधारात थोडं थोडं सरकवत केलेली जुळवणी आली. सगळं लिहिण्यासारखंच होतं. एक प्रश्न मात्र कुठेच दिसला नाही. इतक्या जाड पोलादी प्लेट मुळात बनतात कशा?

हा प्रश्न मी बऱ्याच जणांना विचारते आणि उत्तर जवळपास ठरलेलं असतं. लोखंड वितळवतात, साच्यात ओततात, थंड झालं की साचा फोडून बाहेर काढतात. गटाराचं झाकण किंवा पंपाची बॉडी अशी बनते, हे खरं आहे. पण पुलाची प्लेट, घराच्या स्लॅबमधली सळई, फ्रिजचा पत्रा यांचा जन्म असा होत नाही. जगातलं ९५ टक्क्यांहून अधिक पोलाद आज न थांबणाऱ्या धारेतून ओतलं जातं. या पद्धतीला कंटिन्युअस कास्टिंग म्हणतात आणि त्या यंत्राला कारखान्यातली माणसं नुसतं ‘कास्टर’ म्हणतात. १९७०च्या सुमारास हा वाटा जेमतेम पाच टक्क्यांच्या आसपास होता. कल्पना मात्र त्याहून कितीतरी जुनी. दोन फिरत्या रोलांच्या मधून थेट पत्रा ओतायची कल्पना हेन्री बेसेमरने १८५०च्या दशकातच मांडली होती. मधली शंभर वर्षं गेली ती ओतताना होणारी गडबड आवरण्यात, आणि मला त्या गडबडीबद्दलच लिहायचं आहे.

आधी यंत्र समजून घेऊ. कास्टरमधला साचा तांब्याचा असतो आणि त्याला बूड नसतं. तांबं १०८५ अंश सेल्सिअसला वितळतं, आत येणारं पोलाद १५०० अंशांच्या वर असतं, तरीही तांबं शाबूत राहतं, कारण त्याच्या पाठीमागून पाणी जोरात खेळवलेलं असतं. भट्टीतून पोलाद लॅडलमध्ये येतं, म्हणजे शे-दोनशे टनांच्या बादलीत. लॅडलमधून ते टंडिश नावाच्या उथळ हौदात उतरतं. टंडिशच्या तळाला भोक असतं आणि त्या भोकावर वरून एक जाड दांडा टेकलेला असतो, त्याला स्टॉपर म्हणतात. स्टॉपर किंचित उचलला की पोलाद नॉझलमधून साच्यात उतरतं. साच्याच्या भिंतीला लागलेलं पोलाद तिथल्या तिथे गोठून कवच धरतं. हे कवच खालून रोलांनी ओढून घेतलं जातं आणि वरून नवं पोलाद येत राहतं. जवळपास ९०० मिलिमीटर लांबीच्या साच्यातून बाहेर पडताना कवचाची जाडी असते १५ ते २० मिलिमीटर. आतला सगळा गाभा अजून द्रवच असतो.

त्या द्रव गाभ्याची लांबी ऐकून पहिल्यांदा कुणाचाही विश्वास बसत नाही. कवचाची जाडी वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. एका मिनिटाला साधारण २७ मिलिमीटर धरली, तर चार मिनिटांना त्याच्या दुप्पट होते, चौपट नाही. या गोठत निघणाऱ्या पोलादी पट्टीला स्लॅब म्हणतात, घराच्या काँक्रीटच्या स्लॅबशी हिचा संबंध नाही. ती २२० मिलिमीटर जाड असेल तर दोन्ही बाजूंची कवचं मध्यावर भेटायला सोळा-सतरा मिनिटं लागतात. स्लॅब मिनिटाला १.२ मीटर वेगाने सरकत असते. म्हणजे साच्यापासून जवळजवळ २० मीटरपर्यंत आत वितळलेलं पोलाद असतं आणि बाहेर कवच. ही सगळी लांबी रोलांच्या रांगांमध्ये धरून, पाण्याचे फवारे मारत, उभ्याची आडवी वळवत आणली जाते आणि शेवटी गॅसच्या ज्वालेने तिचे तुकडे पाडले जातात. त्या तुकड्यालाही स्लॅबच म्हणायचं. तो पुढे रोलिंग मिलमध्ये दाबला की प्लेट तयार होते.

एक लॅडल संपली की दुसरी फिरवून जागेवर आणतात आणि मधली काही मिनिटं टंडिशमधल्या साठ्यावर धार चालू ठेवतात. अशा ओळीने ओतलेल्या लॅडलना ‘सिक्वेन्स’ म्हणतात आणि तो रात्रंदिवस चालतो. शनिवारी लोखंड घरात आणू नये, असं मानणारी घरं मुंबईत अजून पुष्कळ आहेत. त्यांना मी एवढंच सांगते की तुमच्या घराच्या खांबातलं, रोज ज्या पुलावरून जाता त्यातलं पोलाद शनिवारीही ओतलं गेलं आहे आणि अमावास्येलाही. चांगली आणि वाईट स्लॅब वारावर ठरत नाही. ती बरीचशी ठरते साच्याच्या तोंडाशी असलेल्या पातळीवर.

शाळेत हौदाचं गणित सगळ्यांनी सोडवलेलं असतं. एक नळ हौद भरतो, दुसरा रिकामा करतो, तर पातळीचं काय होईल? कास्टरचा साचा म्हणजे तोच हौद. वरून स्टॉपरमधून येणारं पोलाद हा भरणारा नळ आणि खालून ओढली जाणारी स्लॅब हा रिकामा करणारा. फरक आकड्यांचा आहे. स्लॅब १५०० मिलिमीटर रुंद आणि २२० मिलिमीटर जाड असेल, वेग सेकंदाला २० मिलिमीटर असेल, तर दर सेकंदाला ६.६ लिटर म्हणजे सुमारे ४६ किलो पोलाद यावं लागतं. पातळी साच्याच्या काठापासून साधारण १०० मिलिमीटर खाली ठेवलेली असते. खालची ओढ अचानक थांबली आणि वरचा नळ तसाच राहिला, तर पाच सेकंदांत पोलाद काठावरून उतू जाईल. उलट वरचा नळ अडला, तर पातळी झपाट्याने खाली जाईल आणि कवच पुरेसं जाड व्हायच्या आत साच्याबाहेर पडेल. कवच फाटून आतलं पोलाद रोलांवर सांडतं, त्याला ब्रेकआऊट म्हणतात. वितळलेलं पोलाद, पाणी आणि वाफ एकत्र आल्यावर काय होतं, ते ज्याने पाहिलंय तो त्याबद्दल हळू आवाजात बोलतो.

या हौदाची आणखी एक खोड आहे. तो आपणहून सावरत नाही. घरच्या टाकीतून पाणी भोकातून वाहत असेल, तर पातळी चढली की दाब वाढून जास्त पाणी बाहेर जातं आणि काही वेळात समतोल साधतो. साच्यातून मात्र स्लॅब ठरलेल्या वेगानेच निघते, पातळी कितीही असो. त्यामुळे येणं आणि जाणं यांत अर्धा टक्काही फरक राहिला, तर तो साठतच जातो. गणिताच्या भाषेत हा नुसता बेरीज करत राहणारा घटक आहे. त्याला सतत कुणीतरी सांभाळावं लागतं.

आणि सांभाळायचं किती बारकाईने? चांगल्या कास्टरवर पातळी ठरलेल्या जागेच्या वर-खाली तीन ते पाच मिलिमीटरांत ठेवायचा प्रयत्न असतो. याचं कारण साच्याच्या तोंडाशी उभं राहिल्याशिवाय कळत नाही. तिथे लखलखतं पोलाद दिसेल अशी अपेक्षा असते. दिसते ती राखाडी-काळी भुकटी. काठाकाठाने पिवळ्या ज्वाळा जिभल्या चाटत असतात आणि उष्णता-रोधक कोट घातलेला माणूस लांब दांड्याने ती भुकटी सारखी करत असतो. ही मोल्ड पावडर. खालून ती वितळते, पोलादावर पातळ थर धरते आणि कवच व तांबं यांच्या फटीतून तेलासारखी खाली झिरपते. साचा स्वतः सेकंदाला दोन-तीन वेळा काही मिलिमीटर वर-खाली हलत असतो, कवच चिकटू नये म्हणून. हलत्या साच्याचं हे तंत्र जर्मनीच्या सिगफ्रीड युंगहान्सने १९३३ मध्ये पेटंट केलं आणि कंटिन्युअस कास्टिंग खऱ्या अर्थाने शक्य झालं. थंड झालेल्या स्लॅबवरून हात फिरवला तर दर दहाएक मिलिमीटरवर आडव्या बारीक रेघा लागतात, त्या या हलण्याच्या खुणा. पातळी उसळली की वितळलेली पावडर कवचात अडकते. तो वाटाण्याहून लहान कण पुढे रोलिंगमध्ये लांबलचक रेघ होऊन पत्र्यावर उमटतो आणि गाडीचा दरवाजा बनवायला घेतलेला पत्रा नापास होतो.

पावडरीखाली दडलेली पातळी मोजतात कशी? काही ठिकाणी चुंबकीय लहरींवर चालणारा सेन्सर वर टांगतात. त्याला पावडर दिसत नाही, थेट धातू जाणवतो. काही ठिकाणी साच्याच्या एका बाजूला कोबाल्ट-६० किंवा सीझियम-१३७ असा किरणोत्सारी स्रोत आणि दुसऱ्या बाजूला शोधक बसवतात. पातळी वर आली की जास्त किरण अडतात, हिशेब सरळ आहे. इथे लोक दचकतात आणि विचारतात, मग ते पोलाद किरणोत्सारी होत नाही का? होत नाही. या गॅमा किरणांच्या अंगी पोलादाला किरणोत्सारी करण्याइतकी ऊर्जाच नसते, क्ष-किरण काढल्याने आपण किरणोत्सारी होत नाही तसंच. धोका वेगळ्या ठिकाणी आहे. असा स्रोत बेवारस होऊन भंगारात गेला तर तो जीव घेऊ शकतो. २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात कोबाल्ट-६० पोचलं, तेव्हा ते घडलं होतं. म्हणूनच अशा प्रत्येक उपकरणाला अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी लागते. त्या मंडळाचं मुख्यालय मुंबईतच, अणुशक्तीनगरला आहे.

आता गडबडीकडे वळू. काही गडबडी संथ असतात. पोलादातला ऑक्सिजन काढायला अॅल्युमिनियम घालतात, त्यातून तयार झालेले अॅल्युमिनाचे बारीक कण नॉझलच्या आत चिकटत जातात आणि नळ हळूहळू चोंदतो. स्टॉपर तासातासाने वर सरकत राहतो. मग एखाद्या क्षणी तो थर तुटून खाली पडतो, नळ अचानक मोकळा होतो आणि पातळी एकदम चढते. कॅल्शियम घालून ते कण द्रव करण्याचा उपाय आहे, स्टॉपरमधून आर्गॉन वायू सोडण्याचाही आहे. काही गडबडी यंत्राच्या असतात. स्टॉपर हलवणारी यंत्रणा घर्षणाने अडते, छोटा हुकूम पाळत नाही, मग एकदम झेप घेते. तिला सतत सूक्ष्म थरथरत ठेवलं की ती अडकत नाही. कास्टिंगचा वेग बदलला तर किती पोलाद जास्त लागेल हे आधीच ठाऊक असतं, म्हणून स्टॉपरला तेवढं आगाऊ सांगून ठेवता येतं.

पण जिच्यावर माझा खरा जीव आहे ती गडबड साच्यात घडतच नाही. ती काही मीटर खाली, रोलांच्या मध्ये घडते.

साच्यापासून पाच मीटर खाली आतल्या द्रव पोलादाचा दाब हवेच्या दाबाच्या साडेतीन पट असतो. दोन रोलांमधलं अंतर २५० मिलिमीटर धरलं आणि स्लॅबची रुंदी १५०० मिलिमीटर, तर त्या एका फटीत कवचावर आतून सुमारे १३ टनांचा रेटा बसतो. कवच लालबुंद आणि मऊ. ते रोलांच्या मध्ये किंचित बाहेर फुगतं, पुढच्या रोलखाली दाबलं जातं, पुन्हा फुगतं. जोवर कवचाचा प्रत्येक भाग सारखाच आहे तोवर काही बिघडत नाही. फुगवटा दोन रोलांच्या मध्ये एकाच जागी राहतो आणि कवच त्यातून वाहत जातं. आतली एकूण जागा तेवढीच राहते.

आता समजा कवच लांबीच्या दिशेने एकसारखं जाड नाही. थोडं जाड, थोडं पातळ, पुन्हा जाड. पातळ भाग फटीच्या मध्यावर आला की फुगवटा वाढतो, रोलखाली गेला की कमी होतो. हे एकाच फटीत घडलं तर विशेष नाही. पण रोल सारख्या अंतरावर असतात, आणि जाड-पातळाची लांबीही तेवढीच असेल तर सगळ्या फटी एकाच वेळी फुगतात आणि एकाच वेळी आवळतात. आकडा मांडून पाहू. फुगवट्यात सरासरी फरक फक्त ०.२ मिलिमीटर धरा. एका फटीत, एका बाजूला ७५ मिलिलिटर. दहा फटी आणि दोन्ही बाजू मिळून दीड लिटर. द्रव दाबला जात नाही, ते दीड लिटर पोलाद वर साच्यातच येतं आणि तिथली पातळी साडेचार मिलिमीटरने चढते. तीन मिलिमीटरांत राहायचं ठरवलेल्या यंत्राला एवढं पुरतं. फटीचं अंतर २५० मिलिमीटर आणि वेग सेकंदाला २० मिलिमीटर असल्याने हा चढउतार दर साडेबारा सेकंदांनी येतो. कंट्रोल रूममधल्या पडद्यावर पातळीची रेघ सरळ न जाता एकसारखी डोलू लागते आणि जाणकार ऑपरेटर तिच्याकडे पाहूनच सांगतो की खाली फुगवटा सुरू झालाय.

पण जाड-पातळाची लांबी नेमकी रोलांच्या अंतराइतकीच का असावी? यातच खरी गंमत आहे. साच्यातली पातळी वर-खाली झाली की तिथे नव्याने जन्मणारं कवच कमी-जास्त जाड होतं. पातळी साडेबारा सेकंदांनी डोलत असेल, तर स्लॅब तेवढ्या वेळात सरकते २५० मिलिमीटर. म्हणजे डोलणारी पातळी कवचावर जाड-पातळाची जी नक्षी उमटवते, तिची लांबी आपोआप रोलांच्या अंतराएवढीच येते. ते कवच खाली गेलं की फटी एका तालात फुगवतं, त्याने पातळी डोलते, आणि डोलती पातळी पुन्हा तीच नक्षी उमटवते. कारण आणि परिणाम एकमेकांची शेपटी धरून फिरत राहतात. कार्बन ०.१ टक्क्याच्या आसपास असलेल्या पोलादात हे जास्त दिसतं. त्या पोलादाची स्फटिकरचना गोठल्यावर लगेच बदलते आणि आकसते, कवच तांब्यापासून जागोजागी सुटतं, त्यामुळे ते आधीच ओबडधोबड असतं. यंत्र मध्येच थांबवलं तरीही हा त्रास होतो, कारण थांबलेल्या वेळात फुगवटे तसेच थंड होतात आणि मग स्लॅबबरोबर पुढच्या प्रत्येक रोलवर आदळत जातात.

याला आवर कसा घालायचा? पातळी पाहून स्टॉपरला हुकूम देणाऱ्या यंत्रणेला कंट्रोलर म्हणतात. साधा कंट्रोलर दोन गोष्टी पाहतो. आत्ता पातळी किती चुकली आहे, आणि आतापर्यंतच्या चुकांची बेरीज किती झाली आहे. या बेरजेमुळे संथ गडबडी पूर्ण पुसल्या जातात. नॉझल तासाभरात चोंदत गेला तरी चूक जमत राहते, बेरीज वाढते आणि स्टॉपर तेवढा उचलला जातो. डोलणाऱ्या गडबडीपुढे मात्र ही बेरीज लंगडी पडते. एकदा चूक वरच्या बाजूला, एकदा खालच्या, बेरीज शून्याभोवतीच घुटमळते. मग कंट्रोलर नुसताच जास्त तिखट करायचा का? तसं केलं की दुसरंच भूत उभं राहतं. स्टॉपर हलल्यापासून पातळी बदलेपर्यंत थोडा उशीर लागतो, आणि तिखट कंट्रोलर उशिराने आलेल्या बातमीवर धावत सुटतो. त्यातून साच्यातल्या पोलादावर लाटाही असतात. दीड मीटर रुंद साच्यात एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे हिंदकळणारी लाट सुमारे १.४ सेकंदाला एक फेरी करते. सेन्सर एकाच ठिकाणचं पाहतो, त्याला लाटेचा माथा म्हणजे पातळी चढली असं वाटतं. पोलाद मुळात वाढलेलंच नसतं. कंट्रोलरने त्या लाटेमागे धावायचं नसतं.

या कोंडीतून वाट दाखवणारं एक प्रमेय ब्रूस फ्रान्सिस आणि मरे वोनहॅम यांनी १९७६ मध्ये मांडलं. एखादी गडबड पूर्ण नाहीशी करायची असेल, तर ती गडबड निर्माण करणारी यंत्रणा कंट्रोलरच्या पोटात असली पाहिजे. स्थिर गडबडीसाठी बेरीज पुरते, कारण स्थिर आकडा धरून ठेवणं हे बेरजेचंच काम. साडेबारा सेकंदांनी डोलणाऱ्या गडबडीसाठी कंट्रोलरमध्ये साडेबारा सेकंदांनी डोलणारा घटक हवा. बाहेर डोलणं सुरू झालं की आतला घटक त्याच तालावर फुलत जातो आणि स्टॉपरला नेमका उलटा हुकूम देतो. बाहेरचं डोलणं नाहीसं झालं तरी आतलं टिकून राहतं, तेच त्याला दाबून धरतं. ताल शोधायची अडचणही इथे पडत नाही. रोलांमधलं अंतर ठाऊक असतं, वेग दर क्षणी मोजलेला असतो, भागाकार केला की झालं. वेग बदलला की आतला ताल बदलायचा. मला हे विलक्षण सुंदर वाटतं. गडबड आवरणाऱ्याला त्या गडबडीचं नुसतं माप पुरत नाही, तिची घडण माहीत असावी लागते.

इथे पुढचा एक परिच्छेद थोडा चढणीचा आहे, पण तो टाळला तर गोष्ट अर्धी राहील. हेन्ड्रिक बोडे या अभियंत्याने १९४० च्या दशकात दाखवून दिलेला एक हिशेब आहे. कागदावर आडवी रेघ आखा आणि तिच्यावर सेकंदाला किती डोलणी हे मांडा. प्रत्येक ठिकाणी उभं मांडा की कंट्रोलर नसता तर जितकं डोललं असतं, त्याच्या किती पट आता डोलतं, आणि त्या पटीचा नैसर्गिक लॉगरिदम घ्या. जिथे कंट्रोलरने दाबलं तिथे आकडा शून्याखाली जातो, जिथे त्याने उलट वाढवलं तिथे वर. बोडेचं म्हणणं असं की लूप, म्हणजे मोजून सुधारत राहण्याची साखळी, स्थिर असेल, आणि सगळ्या खऱ्या यंत्रांप्रमाणे झटपट बदलांपुढे ती मागे पडत असेल, तर वरचं क्षेत्रफळ निदान खालच्याइतकं असतंच. काहीही केलं तरी दाबलेलं सगळं दुसरीकडे वर येतं. आकड्यांत पाहू. साडेबारा सेकंदांचा ताल म्हणजे सेकंदाला ०.०८ डोलणी. सेकंदाला ०.०४ ते ०.१२ डोलणी या सगळ्या पट्ट्यात गडबड दहा पट कमी केली, तर खालचं क्षेत्रफळ होतं ०.१८. त्याची भरपाई ०.३ ते ०.५ या पट्ट्यात करायची ठरवली, तर तिथलं डोलणं अडीच पट होतं. तेच जर दाबायचा पट्टा अरुंद ठेवला, ०.०७ ते ०.०९, तर भरपाईच्या पट्ट्यातलं डोलणं पाव पटीनेच वाढतं. ताल अचूक माहीत असण्याचा खरा फायदा हाच. नेमक्या जागी खोल खड्डा खणता येतो आणि त्याची माती कमी निघते. ती कुठे टाकायची हेही मग ठरवता येतं. ०.७ जवळ टाकली, तर १.४ सेकंदांनी हिंदकळणाऱ्या लाटेलाच खतपाणी मिळेल, म्हणून ती तिथे टाकायची नाही.

एवढं सांगायचं कारण, अलीकडे औद्योगिक प्रदर्शनांत आणि सादरीकरणांत ‘एआयमुळे पातळीची चढउतार शून्य’ अशा छापाची वाक्यं सर्रास दिसतात. एआयचा कास्टरवर उपयोग आहे आणि तो नवा नाही. साच्यात बसवलेल्या थर्मोकपलच्या, म्हणजे तापमान मोजणाऱ्या सेन्सरच्या, आकड्यांवरून ब्रेकआऊटची चाहूल घ्यायला न्यूरल नेटवर्क १९९०च्या दशकापासून वापरात आहेत आणि त्यांनी फार चांगलं काम केलं आहे. पण स्टॉपरपासून पातळीपर्यंतचा उशीर कोणत्याही नावाच्या कंट्रोलरला चुकत नाही. सेन्सरला न दिसलेली गोष्ट त्यालाही दिसत नाही. शून्याचं आश्वासन मिळालं की विचारायचं, कुठल्या तालावर शून्य, आणि त्याची भरपाई कुठे केलीत? उत्तर देणारा अभियंता असेल तर तो आलेख काढून दाखवेल.

मुंबईकरांना ही गोष्ट फार लांबची नाही. अलिबागला जाताना वडखळजवळ डोलवीचा पोलाद कारखाना लागतो. तिथे पातळ स्लॅब ओतण्याचं तंत्र आहे. अशा कास्टरमध्ये स्लॅब २२० ऐवजी ५० ते ७० मिलिमीटर जाडीची निघते आणि साच्याचं तोंड मध्ये फुगीर नरसाळ्यासारखं करतात, नाहीतर नॉझलच आत मावणार नाही. पातळ स्लॅब लवकर गोठते, पुढे दाबायला कमी लागते, ऊर्जा वाचते. पण वर केलेला सगळा हिशेब इथे आवळत जातो. ६० मिलिमीटर जाडी धरली तर स्लॅबचं तोंड एक चतुर्थांशाहून थोडं जास्त उरतं, म्हणून तेवढंच पोलाद खालून ढकललं गेलं तर पातळी साडेतीन पटीहून अधिक चढते. गाभा लहान असतो, सहा-सात मीटर, एवढाच दिलासा. वेग मिनिटाला पाच मीटरच्या घरात. रोल १८० मिलिमीटरवर असतील तर फुगवट्याचा ताल येतो दर दोन-सव्वादोन सेकंदांनी, म्हणजे सेकंदाला ०.४६ डोलणी. जाड स्लॅबच्या वेळी आपण ज्या पट्ट्यात माती टाकली होती, तिथेच आता खड्डा खणायची वेळ येते, आणि हिंदकळणारी लाट शेजारीच असते.

म्हणून अशा ठिकाणी कंट्रोलरवर सगळा भार टाकत नाहीत. नॉझलमधून येणाऱ्या झोताला चुंबकीय क्षेत्राने लगाम घालतात, म्हणजे लाटाच कमी उठतात. कवच खाली लवकर घट्ट व्हावं म्हणून फवारे वाढवतात. आणि रोल लावतानाच त्यांच्यातली अंतरं मुद्दाम असमान ठेवतात, एक थोडं जास्त, पुढचं थोडं कमी. मग कवचावर कुठलीही नक्षी उमटली तरी ती सगळ्या फटींना एकदम जुळत नाही. एक फट फुगत असते तेव्हा दुसरी आवळत असते, तिथलं पोलाद इथे जातं, आणि साच्यापर्यंत पोचायला फारसं काही उरत नाही.